पंख आधी, शेपूट मागून

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लहान मुलाला विमानाचे चित्र काढायला सांगा. ते आधी दोन पंख काढते. मग लांबट धड, धडाला ओळीने गोल खिडक्या, आणि कागदावर जागा उरली तर मागे शेपूट. माणसाच्या इतिहासातही विमान साधारण याच क्रमाने घडले. पंख सगळ्यांना सुचले. शेपूट सुचायला शतके गेली, आणि दोन्हींचा मेळ घालून हवेत तोल कसा सांभाळायचा हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. विमानाचे मुख्य भाग कोणते आणि ते काय काम करतात, हे आज आपण पाहणार आहोत. ज्या क्रमाने ते माणसाला समजले त्याच क्रमाने पाहू. त्यातले कितीतरी भाग कोणीतरी खाली पडल्यावरच समजले आहेत.

नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात अब्बास इब्न फिर्नास नावाचा एक गृहस्थ होता. काच बनवण्याची विद्या त्याला अवगत होती, ग्रहताऱ्यांचा तो अभ्यासक होता, आणि दरबारात कवी म्हणून त्याची ओळख होती. त्याने अंगाला पिसे लावली, पंख बांधले आणि उंचावरून उडी घेतली. बराच वेळ तो हवेत राहिला म्हणतात. पण उतरताना आपटला आणि त्याच्या पाठीला मार बसला. ही हकिगत लिहिणाऱ्या अल्-मक्करी या इतिहासकाराने कारणही दिले आहे : पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याने स्वतःला शेपूट लावले नव्हते.

हा इब्न फिर्नास माझ्या धर्माचा आणि माझ्याच धंद्याचा, म्हणजे कवी. त्यामुळे त्याच्याविषयी बोलताना मला जरा जास्तच सावध राहायला हवे. अल्-मक्करी सतराव्या शतकातला. घटनेनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी त्याने हे लिहिले. त्या काळातला म्हणून जो पुरावा सांगतात तो एका समकालीन कवीची ओळ, तीही टिंगलीची. कवीने कवीविषयी लिहिलेल्या ओळीवर किती भरवसा ठेवायचा, हे आम्हा मंडळींना चांगले माहीत असते! चंद्रावरच्या एका विवराला आज इब्न फिर्नासचे नाव आहे, याचा आनंद जरूर मानावा. पण पहिले विमान त्याने उडवले असे मी म्हणणार नाही.

मात्र त्याच्या गोष्टीतला एक तपशील मला विलक्षण वाटतो. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माम्सबरी मठात एल्मर नावाचा ख्रिस्ती साधू होता. त्यानेही हातापायांना पंख बांधून मनोऱ्यावरून झेप घेतली, काही अंतर गेला आणि पडून दोन्ही पाय मोडून घेतले. त्याच मठातल्या विल्यम या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, मागे शेपूट लावायला विसरलो म्हणून पडलो, असे एल्मर स्वतः सांगत असे. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. मध्ये शे-दीडशे वर्षांचे अंतर. आणि दोन्ही गोष्टींत चूक एकच. हवेला कोणाचा धर्म कळत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

मग हे शेपूट करते तरी काय? पतंग एकसारख्या गिरक्या घेऊ लागला की मुले त्याला चिंधीचे शेपूट बांधतात. बाणाच्या मागच्या टोकाला पिसे असतात ती याचसाठी. विमानाच्या शेपटीत दोन पंख असतात, एक उभा आणि एक आडवा. उभा पंख बाणाच्या पिसासारखा. नाक डावीकडे किंवा उजवीकडे भरकटले की बाजूने येणारी हवा त्याला ढकलते आणि विमान पुन्हा सरळ होते. आडव्या पंखाचे काम तराजूचे. विमानाचे वजन मुद्दाम थोडे पुढच्या बाजूला ठेवलेले असते, म्हणून नाक खाली जाऊ पाहते. शेपटीचा आडवा पंख मागची बाजू खाली दाबून धरतो, आणि दांडी समतोल राहते. म्हणजे गंमत अशी की पुढचे मोठे पंख विमानाला वर उचलतात, तर मागचा छोटा पंख बहुतेक वेळ खाली दाबत असतो. दोघांची कामे उलट आहेत म्हणूनच तोल राहतो.

हे हिशेबाने मांडणारा पहिला माणूस यॉर्कशरचा सर जॉर्ज केली. त्याच्यापूर्वी बहुतेकांची समजूत अशी की, उडायचे तर पक्ष्यासारखे पंख फडफडवायला हवेत. केलीने सांगितले की उचलण्याचे काम आणि पुढे ढकलण्याचे काम वेगळे करा. पंख स्थिर ठेवा, त्यांनी फक्त उचलावे. ढकलण्यासाठी दुसरे साधन वापरा. १७९९ साली त्याने चांदीच्या एका छोट्या चकतीवर हे कोरून ठेवले : एका बाजूला स्थिर पंख, माणसाला बसायला नाव आणि मागे शेपूट असलेले यंत्र, दुसऱ्या बाजूला पंखावर पडणाऱ्या हवेच्या बळांची आकृती. ती चकती आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १८०४ मध्ये त्याने पतंगाचा पंख आणि हलवता येणारे शेपूट लावून छोटे ग्लायडर उडवले. यंत्राची चाके हलकी असावीत म्हणून ताणलेल्या तारांच्या आऱ्यांचे चाकही त्याने कल्पिले. पुढे तसलेच चाक सायकलला बसले. सायकलवाल्यांनी हे ऋण कसे फेडले ते पुढे येईलच.

पंख उचलतो कसा? एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळव्याची पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर जातो. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल, आणि त्याबद्दल कंडक्टरचे बोलणेही खाल्ले असेल. तळवा हवेला खाली वळवतो, आणि त्याच्या बदल्यात हवा तळव्याला वर ढकलते. विमानाचा पंख हेच काम फार सफाईने करतो. त्याची पाठ फुगीर असते. हवा त्या पाठीला धरून वळत खाली जाते, पंखाच्या वरचा दाब कमी होतो, खालचा त्या मानाने जास्त राहतो, आणि पंख उचलला जातो. वरून जाणारी आणि खालून जाणारी हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवी म्हणून वरची जोरात धावते, असे पुष्कळ पुस्तकांत सांगितलेले असते. ते बरोबर नाही. दोघींनी अशी वेळ ठरवलेली नसते, आणि वरची हवा प्रत्यक्षात खालच्या हवेच्या आधीच पोचते.

पण तळवा फार उभा केला तर हात वर जात नाही, मागे फेकला जातो. पंखाचेही तेच. नाक फार वर गेले, साधारण पंधरा अंशांच्या आसपास, की हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल एकाएकी ढासळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे वेगळे आणि हे वेगळे. इंजिन जोरात चालू असतानाही पंख असा दगा देऊ शकतो.

याची किंमत जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने मोजली. पक्ष्यांच्या पंखांची मापे घेऊन त्याने १८८९ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि १८९१ पासून टेकड्यांवरून स्वतः बनवलेल्या ग्लायडरमधून सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच्या ग्लायडरला शेपूट होते, पण सुकाणू हाती नव्हते. तो खाली लोंबकळून पाय इकडेतिकडे झोकायचा आणि तोल सांभाळायचा. ९ ऑगस्ट १८९६ रोजी झोताने नाक वर गेले, पंखाची उचल गेली आणि सुमारे पंधरा मीटरवरून तो कोसळला. पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्याला गुरू मानणारा इंग्लंडचा पर्सी पिल्चर १८९९ मध्ये गेला. हवेत असताना त्याच्या ग्लायडरच्या शेपटीची काठी मोडली होती. वय अवघे बत्तीस. पुन्हा शेपूटच.

याच सुमाराची आणखी एक हकिगत मराठी श्रोत्यांच्या मनात आली असेल. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तळपदे खरे होते, त्यांची धडपड खरी होती. पण त्या उड्डाणाचे मोजमाप, छायाचित्र किंवा पुन्हा करून पाहता येईल असा आराखडा आपल्या हाती आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव या संदर्भात घेतले जाते, त्यातली विमाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये तपासली आणि ती उडू शकणारी नाहीत असा निष्कर्ष दिला. कोर्दोब्याच्या कवीला जे माप लावले तेच मुंबईच्या माणसाला लावायला हवे. आपल्या माणसासाठी माप सैल करणे हा त्याचा गौरव होत नाही. लिलिएन्थाल पडला, पण त्याने आकडे मागे ठेवले होते. पुढच्याला ते तपासता आले, त्यातले काही चुकीचेही ठरवता आले. इतिहासात अशा माणसाचा उपयोग जास्त होतो.

ते आकडे तपासणारे दोघे भाऊ म्हणजे अमेरिकेतल्या डेटन गावचे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. दोघांपैकी कोणी कॉलेजात गेलेले नव्हते. धंदा सायकली बनवण्याचा आणि दुरुस्तीचा. हाच धंदा त्यांच्या कामी आला असे मला वाटते. सायकल उभी केली तर पडते. चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरत असतो. वळताना तो फक्त हँडल वळवत नाही, अंगही कलते करतो. इतर संशोधक विमानाकडे जहाज म्हणून पाहत होते. सुकाणू फिरवले की वळेल. राइट बंधूंनी ओळखले की विमान सायकलीसारखे कलून वळले पाहिजे.

पण कलते करायचे कसे? १८९९ मध्ये दुकानात सायकलच्या ट्यूबचे लांबट खोके हातात घेऊन बोलता बोलता विल्बरने ते पिळले. एका टोकाची कड वर गेली, दुसऱ्या टोकाची खाली. पंख असाच पिळला तर? एका बाजूची उचल वाढेल, दुसरीची घटेल, आणि विमान कलेल. १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरने हिशेबापेक्षा बरीच कमी उचल दिली. तेव्हा त्यांनी एका लाकडी खोक्यात पंख्याने वारा सोडून सुमारे दोनशे आकारांचे छोटे पंख तपासले. मोजमापाचा काटा बनवला होता करवतीच्या पात्यांचा आणि सायकलच्या आऱ्यांचा. हवेच्या दाबाचा शंभराहून अधिक वर्षे वापरला जाणारा एक आकडा मुळातच फुगलेला आहे, हे त्यातून त्यांच्या लक्षात आले.

पुढच्या वर्षी आणखी एक अडचण दिसली. जो पंख वर उचलला जातो त्यालाच हवेचा अडथळाही जास्त होतो, तो मागे ओढला जातो, आणि विमान भलतीकडेच फिरते. उपाय म्हणून मागच्या उभ्या शेपटीला त्यांनी हलते सुकाणू केले. झाले! नाक वर-खाली करणारा आडवा पृष्ठभाग, नाक डावीउजवीकडे वळवणारे सुकाणू, आणि पंख कलता करणारी पिळणी. या तीन गोष्टी चालकाच्या हाती आल्या. आजचे कोणतेही प्रवासी विमान याच तीन हालचालींवर चालते. १९०२ च्या त्या हंगामात त्यांनी इंजिनाशिवाय शेकडो उड्डाणे केली. आधी तोल शिकले, मग ताकद जोडली.

ताकद जोडतानाही त्यांचा विचार वेगळा होता. फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, हा त्यांच्या मते गोल फिरणारा एक पंखच. साधा पंख विमानाला वर उचलतो, हा पुढे ‘उचलतो’. त्यांच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने बारा अश्वशक्तीचे इंजिन बनवले. सायकलच्या धर्तीच्या साखळ्यांनी ते दोन पंख्यांना जोडले.

त्याच वर्षी वॉशिंग्टनला सॅम्युअल लँगली हे नामवंत शास्त्रज्ञ सरकारचे पन्नास हजार डॉलर आणि बावन्न अश्वशक्तीचे उत्तम इंजिन घेऊन याच कामाला लागले होते. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र नावेवरून सोडले. दोन्ही वेळा ते सरळ पोटोमॅक नदीत पडले. सांगाडा कमकुवत होता, आणि आत बसलेल्या चालकाला हवेत तोल सांभाळण्याचा एक दिवसाचाही सराव नव्हता. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंचे यंत्र उडाले. पहिले उड्डाण बारा सेकंद, १२० फूट. त्या दिवसाचे चौथे आणि शेवटचे ५९ सेकंद, ८५२ फूट. बावन्न अश्वशक्ती नदीत गेली आणि बारा अश्वशक्ती हवेत राहिली. विमानाच्या साऱ्या इतिहासात मला हा सर्वांत बोलका हिशेब वाटतो.

त्या विमानाचे आडवे शेपूट मात्र पुढे होते, आणि त्याला चाके नव्हती. पुढच्या काही वर्षांत फ्रेंचांनी त्याला आज आपण ओळखतो तो आकार दिला. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच्या विमानात इंजिन पुढे, पंखांची एकच जोडी, शेपूट मागे आणि खाली सायकलसारखी चाके होती. पंख पिळण्याची जागा मागच्या कडेला बिजागरीने बसवलेल्या फळ्यांनी घेतली. त्यांना एलेरॉन म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘छोटा पंख’. विमानाच्या धडाला फ्यूजलाज म्हणतात, त्याचे मूळ चातीच्या शब्दात. दोन्हीकडे निमुळते होत जाणारे ते धड खरोखर चरख्याच्या चातीसारखे दिसते. शेपटीच्या भागाचा एम्पेनाज हा शब्द बाणाला पिसे लावण्याच्या क्रियेवरून आला. इंजिनाच्या खोळीला नासेल म्हणतात, म्हणजे छोटी होडी. चाती, बाण, होडी आणि छोटा पंख! नव्या यंत्राला नाव देताना माणूस घरातलेच शब्द घेऊन गेला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, त्या छोट्या ‘पुस मॉथ’मध्ये हे सगळे भाग आपापल्या जागी होते. पुढच्या काळात भर पडली ती वेगाची. १९३९ मध्ये जेट इंजिनावरचे पहिले विमान जर्मनीत उडाले. जेट इंजिन पुढून हवा घेते, दाबते, इंधनाबरोबर जाळते आणि मागे फेकते. आजच्या प्रवासी विमानांत पुढचा मोठा पंखाच बहुतेक ढकलण्याचे काम करतो. वेगामुळे पंखालाही नवी अंगे फुटली. खिडकीजवळ बसलात तर उतरण्याआधी पंखाची मागची कड सरकून खाली झुकताना दिसेल. ते फ्लॅप; कमी वेगातही पुरेशी उचल मिळावी म्हणून पंख मोठा आणि अधिक वाकडा होतो. चाके टेकताच पंखाच्या पाठीवर फळ्या उभ्या राहतात. ते स्पॉयलर, उचल मोडून सारे वजन चाकांवर आणतात, म्हणजे ब्रेक लागतात.

धडाचे काम आपल्याला सोपे वाटते, कारण आपण त्यात फक्त बसतो. पण उंचावर बाहेरची हवा इतकी विरळ असते की आत दाबाने हवा भरावी लागते. प्रत्येक उड्डाणात धड फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरल्यावर आवळते. जगातले पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ १९५२ मध्ये सेवेत आले, आणि १९५४ च्या जानेवारी व एप्रिलमध्ये त्यातली दोन विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमध्ये एक अख्खे धड पाण्याच्या टाकीत बुडवून पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिले. कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण साठतो आणि थकलेला पत्रा तिथून तडकतो, हे सिद्ध झाले. आजच्या विमानांच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलाकार असतात. लहान मूल चित्रात गोल खिडक्या काढते तेव्हा त्यामागे एवढी मोठी किंमत आहे हे त्याला ठाऊक नसते.

एवढे झाल्यावर शेपटीची गोष्ट संपायला हवी होती. पण १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे जंबो विमान तोक्योहून ओसाकाला निघाले. सात वर्षांपूर्वी उतरताना त्याची शेपटीकडची बाजू धावपट्टीला घासली होती. दुरुस्तीत मागच्या दाबभिंतीच्या एका सांध्यावर रिव्हेटांच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. त्या संध्याकाळी ती भिंत फाटली. आतल्या हवेच्या दणक्याने उभ्या शेपटीचा बहुतेक भाग उडाला, आणि सुकाणू व एलेरॉन हलवणाऱ्या तेलाच्या चारही नळ्या रिकाम्या झाल्या. पंख शाबूत, चारही इंजिने चालू. आणि तरी विमान ताब्यात नव्हते. इंजिनांचा जोर कमीजास्त करीत वैमानिकांनी ते बत्तीस मिनिटे हवेत ठेवले. मग ते डोंगरावर आदळले. ५२४ जणांपैकी चौघे वाचले.

नवव्या शतकात पिसे बांधून उडी घेणारा कवी आणि विसाव्या शतकातले ते प्रचंड विमान यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक काळ आहे, आणि हवेचा नियम तोच आहे. ताकद दिसते, पंख दिसतात, त्यांचे कौतुक होते. मागे राहून सावरणारे दिसत नाही. हे मी फक्त विमानाबद्दल बोलत नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल.

उड्डाणाआधी वैमानिकांपैकी एक जण खाली उतरून विमानाभोवती एक फेरी मारतो. चाके पाहतो, इंजिनाच्या तोंडाशी डोकावतो, पंखांच्या कडा न्याहाळतो, आणि मग मागे जाऊन मान वर करून शेपटीकडे बघतो. प्रवासी तेव्हा आत सामान ठेवण्याच्या गडबडीत असतात. कधी खिडकीतून तो माणूस दिसला तर दोन क्षण त्याच्याकडे पाहावे. त्याच्या त्या एका फेरीत हा सगळा इतिहास आहे.